नोकरी, संशय आणि लाय डिटेक्टर : कायद्याच्या मर्यादा

यंत्र नेमके काय मोजते

लाय डिटेक्टर, म्हणजे तज्ज्ञांच्या भाषेत पॉलिग्राफ, हे शरीरातील बदलांची नोंद घेणारे यंत्र आहे. छातीवर आणि पोटावर बांधलेल्या नळ्या श्वासाची गती टिपतात, दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडी टिपतो, बोटांना लावलेली विद्युतअग्रे त्वचेवरील घामाचा फरक टिपतात. परीक्षक आधी समोरच्याशी बराच वेळ बोलतो, प्रश्न ठरवतो आणि मग ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतो. काही प्रश्न घटनेशी थेट संबंधित असतात. काही मुद्दाम सर्वसाधारण ठेवलेले असतात, उदाहरणार्थ ‘आजवर कधी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली आहे का?’ या दोन प्रकारच्या प्रश्नांच्या वेळी शरीराने दिलेल्या प्रतिसादांची तुलना करून परीक्षक आपले मत बनवतो.

खोटे बोलण्याची म्हणून शरीरात वेगळी अशी खूण उमटत नाही. भीती, राग, लाज, अपमान आणि झोपेचा अभाव यांनीही नाडी वाढते आणि तळहाताला घाम सुटतो. चोरीचा आळ आलेला निरपराध माणूस घाबरतो, तर सराईत माणूस शांत राहू शकतो. अमेरिकेच्या सीआयएमध्ये राहून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा अल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळच्या पॉलिग्राफ चाचण्यांतून सुटला होता.

दुसरी अडचण गणिताची आहे. समजा, एका डाळ मिलमध्ये २०० कामगार आहेत, गोदामातून तुरीची पोती गायब होत आहेत आणि चोर फक्त दोन आहेत. यंत्र शंभरातल्या नव्वद वेळा अचूक ठरते, असे उदारपणे धरले तरी दोन्ही चोर बहुधा सापडतील. पण उरलेल्या १९८ निरपराध कामगारांपैकी दर शंभरी दहा, म्हणजे सुमारे २० जण, खोटे ठरतील. यंत्राने बोट दाखवलेल्या २२ जणांत २० जण निर्दोष असतील आणि त्यांतले दोषी कोण हे यंत्र सांगणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर असतील आणि त्यांतले आठ पकडायचे असतील, तर त्यांच्यासोबत सुमारे १,६०० निरपराध लोक संशयित ठरतात. सरसकट कर्मचाऱ्यांची चाचणी घेणे निरर्थक ठरते ते या कारणाने.

वाशिम जिल्ह्यात प्रश्न कुठे येतो

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. येथील अर्थव्यवहार सोयाबीन, तूर आणि कपाशीभोवती फिरतो. मोठे कारखाने कमी. पगारी नोकरी म्हणजे जिल्हा परिषद, शासकीय कार्यालये, शाळा-महाविद्यालये, बँका आणि पतसंस्था, बाजार समिती आणि अडत दुकाने, जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, गोदामे, पेट्रोल पंप, सराफी पेढ्या आणि एसटी. यांतल्या बहुतेक ठिकाणी रोकड किंवा माल नोकराच्या हातून जातो. संध्याकाळी रोकड जुळली नाही, गोदामातला साठा नोंदवहीपेक्षा कमी भरला किंवा पंपावर तूट आली की संशय सर्वांत आधी रोखपालावर, गोदामपालावर किंवा रात्रीच्या पहारेकऱ्यावर जातो.

अशा वेळी ‘खरे असशील तर मशीनवर बस’ हे वाक्य सहज उच्चारले जाते. त्याच्या जोडीला कधी ‘नाहीतर पोलिसांत देतो’ ही धमकी असते, कधी कोऱ्या कागदावर राजीनाम्याची सही. पॉलिग्राफ आता केवळ सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळांपुरता उरलेला नाही. खासगी गुप्तहेर संस्थाही ही सेवा देऊ करतात. त्यामुळे मालक अशी मागणी करू शकतो का, नोकराने नकार दिला तर काय आणि चाचणीचा निकाल चौकशीत किती चालतो, हे तीन प्रश्न लहान गावातही उभे राहतात.

भारतात कामाच्या ठिकाणच्या लाय डिटेक्टरसाठी स्वतंत्र कायदा नाही. मर्यादा आहेत, पण त्या राज्यघटना, फौजदारी कायदा, करार कायदा, कामगार कायदा आणि विभागीय चौकशीचे नियम यांत विखुरलेल्या आहेत.

घटनेची चौकट आणि सेल्वी निकाल

राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने या हक्काची सीमा आखली. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. स्वतःला माहीत असलेली गोष्ट सांगायला लावणे ही मात्र साक्ष ठरते. १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालाने हे संरक्षण पोलिसांच्या तपासातील प्रश्नोत्तरांपर्यंत नेले.

पॉलिग्राफ या सीमारेषेच्या कोणत्या बाजूला पडतो, यावर बराच काळ मतभेद होते. महाराष्ट्रात बनावट मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात हा वाद उफाळला. अशा चाचण्यांनी कलम २०(३) चा भंग होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये रामचंद्र रेड्डी प्रकरणात ठरवले. पुढची काही वर्षे राज्यात नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारणे), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या तरंगांची नोंद) आणि पॉलिग्राफ यांचा सर्रास वापर झाला. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपींना दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत तरंगांच्या चाचणीचाही आधार घेतला आणि त्याची चर्चा जगभर झाली.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालाने वाद मिटवला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांच्या पीठाने चार गोष्टी स्पष्ट केल्या. एक, संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग कोणावरही करता येणार नाही. आरोपी, संशयित आणि साक्षीदार या सर्वांना हे लागू आहे. दोन, सक्तीची चाचणी म्हणजे कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात अनाठायी घुसखोरी, कारण बोलायचे की गप्प राहायचे हा निर्णय माणसाचा स्वतःचा आहे. तीन, संमतीने घेतलेल्या चाचणीचा निकालही स्वतःहून पुरावा ठरत नाही. चार, संमतीने झालेल्या चाचणीतून एखादी वस्तू किंवा वस्तुस्थिती प्रत्यक्ष सापडली, तर तो शोध भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २७ नुसार ग्राह्य धरता येतो. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे.

संमती कशी घ्यावी, यासाठी न्यायालयाने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. चाचणी द्यायची की नाही हा पर्याय खराखुरा असला पाहिजे. वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे. चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम समजावून सांगितले पाहिजेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली पाहिजे. प्रत्यक्ष नोंद रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत करावी.

९ जून २०२५ रोजी न्या. संजय करोल आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात हीच भूमिका पुन्हा मांडली. सर्व आरोपींची नार्को चाचणी करू, हे पोलिसांचे म्हणणे पाटणा उच्च न्यायालयाने जामिनाच्या सुनावणीत मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. केवळ अशा चाचणीच्या अहवालावर शिक्षा होऊ शकत नाही, हेही स्पष्ट केले.

खासगी मालक आणि संमतीचा प्रश्न

सेल्वी निकाल पोलिस तपासाबद्दल होता. पतसंस्थेचा अध्यक्ष किंवा मिलचा मालक पोलिस नाही आणि रोखपालावर अजून गुन्हा नोंदलेला नसतो. म्हणून कलम २०(३) तिथे थेट लागू पडत नाही. शासन आणि जिल्हा परिषद घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ असल्याने त्यांच्यावर मूलभूत हक्कांचे बंधन सरळ आहे. खासगी मालकाबाबत ते अलीकडे विस्तारले. ३ जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात घटनापीठाने बहुमताने असे म्हटले, की कलम १९ आणि २१ खालील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात.

शिवाय, पोलिसांना जे न्यायालयाच्या देखरेखीखालीही सक्तीने करता येत नाही, ते मालकाला नोकरीच्या जोरावर करता येते असे मानायला कायद्यात आधार नाही. मालकाचा अधिकार करारातून येतो, आणि भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जबरदस्तीने किंवा अनुचित प्रभावाने मिळवलेली संमती मुक्त संमती नसते. ज्याच्या हाती पगार आहे, तो मागेल त्याला नकार देणे सोपे नसते. ‘सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगून घेतलेली संमती न्यायालयात टिकणे कठीण. नेमणूकपत्रातच ‘गरज पडल्यास लाय डिटेक्टर चाचणी देईन’ असे कलम घातले तरी प्रश्न सुटत नाही. १९८६ च्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रोजो नाथ गांगुली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सौदाशक्ती विषम असताना लादलेली अन्यायकारक सेवाशर्त सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरवली आहे.

दबाव हद्दीबाहेर गेला तर प्रकरण फौजदारी होते. नोकराला खोलीत कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली अवैध बंदिवास आहे. कबुलीसाठी मारहाण करणे हा कलम १२० खाली वेगळा गुन्हा आहे आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे.

खासगीपणाचा हक्क

कामाच्या जागी खासगीपणा संपत नाही, हे भारतीय न्यायालयांनी लाय डिटेक्टरच्या संदर्भाशिवायही सांगितले आहे. आयुर्विमा महामंडळाने नोकरीसाठीच्या घोषणापत्रात महिलांना मासिक पाळी आणि गर्भधारणेबद्दल प्रश्न विचारले होते. नीरा माथुर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते प्रश्न लाजिरवाणे ठरवून काढून टाकायला लावले. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. या हक्कात राज्याने हस्तक्षेप करायचा तर त्यामागे कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. कर्मचाऱ्याला पॉलिग्राफवर बसवण्याची मुभा देणारा कायदाच नसल्याने शासकीय कार्यालय किंवा जिल्हा परिषद यांची सक्ती पहिल्याच कसोटीवर नापास होते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी असे म्हटले आहे. त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी काही माहिती संमतीशिवाय वापरण्याची सवलतही आहे. ही सवलत माहिती हाताळण्यापुरती आहे. माणसाला यंत्राला जोडण्याचा अधिकार तिच्यातून निघत नाही.

विभागीय चौकशीत अहवालाची किंमत

चाचणी संमतीने झाली असे धरले, तरी तिच्या निकालावर नोकरी जाऊ शकते का? विभागीय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत. १९७७ च्या हरियाणा राज्य विरुद्ध रत्तन सिंग या निकालात हे ठरले. प्रकरण बस वाहकाचे होते. प्रवाशांकडून पैसे घेऊन तिकीट दिले नाही, असा ठपका तपासणी पथकाने ठेवला होता आणि प्रवाशांची साक्ष झाली नव्हती. न्यायालयाने कारवाई उचलून धरली. मात्र चौकशीतील माहितीचा घटनेशी संबंध हवा आणि ती विश्वासार्ह हवी, ही अट घातली.

पॉलिग्राफचा अहवाल अडतो तो याच विश्वासार्हतेच्या अटीवर. १९६४ च्या एच. सी. गोयल निकालानुसार विभागीय चौकशीतही संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (२००९) हे प्रकरण तर पतसंस्था आणि बँकांच्या चौकशीशी थेट जुळते. बँकेच्या शिपायावर ड्राफ्टबुक चोरल्याचा आरोप होता आणि मुख्य आधार पोलिसांसमोरच्या कथित कबुलीजबाबाचा होता. चौकशीत पुरावा सिद्ध करावा लागतो, कागद नुसते हजर करून भागत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. पॉलिग्राफचा कागदही असाच. तो मांडायचा असेल तर परीक्षक साक्षीला यायला हवा, प्रश्नावली आणि मूळ आलेख कर्मचाऱ्याला द्यायला हवेत आणि उलटतपासणीची संधी मिळायला हवी.

प्रत्येक क्षेत्राची चौकशीची रीत ठरलेली आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम लागू आहेत, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६४ चे शिस्त व अपील नियम. खासगी शाळांतील शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. तिच्यात तीन सदस्यांच्या चौकशी समितीची तरतूद असून एक सदस्य कर्मचाऱ्याने सुचवलेला असतो. आरोपपत्र, लेखी खुलासा, साक्षी आणि उलटतपासणी हा क्रम या सर्वांत समान आहे. लाय डिटेक्टरचा उल्लेख यांपैकी कुठेही नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने नेमलेल्या अंतर्गत समितीला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे अधिकार आहेत. तक्रारदार स्त्रीला किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला यंत्रावर बसवण्याचा अधिकार तिला नाही.

नकार आणि कामगार कायदा

चाचणीला नकार देणे हे गैरवर्तन ठरते का? स्थायी आदेशांनुसार, म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या प्रमाणित नियमांनुसार, वरिष्ठांच्या ‘कायदेशीर आणि वाजवी’ आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा हे गैरवर्तन आहे. जी चाचणी संमतीशिवाय घेता येत नाही, तिचा आदेश कायदेशीर आणि वाजवी असू शकत नाही. त्यामुळे नकार ही अवज्ञा ठरत नाही. नकारावरून चोरीचा निष्कर्ष काढणेही चूक, कारण मग संमतीला काही अर्थच उरत नाही.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटनांस मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाने सूडबुद्धीने, उघड खोट्या कारणाने, बनावट पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गोवून किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून कामावरून काढणे अनुचित प्रथा ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अशीच यादी आहे. त्या संहितेत स्थायी आदेशांचे प्रकरण किमान ३०० कामगारांच्या आस्थापनांनाच लागू असल्याने वाशिममधील बहुतेक मिल, पेढ्या आणि पतसंस्था त्याबाहेर राहतात. अनुचित प्रथांची मनाई मात्र आस्थापनेच्या आकारावर अवलंबून नाही.

तुटीची रक्कम पगारातून परस्पर कापण्यावरही मर्यादा आहे. वेतन संहितेनुसार माल किंवा रक्कम त्या कर्मचाऱ्याकडे स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्या चुकीने झालेले असले पाहिजे आणि कपातीआधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे.

इतर देशांतील कायदे

लाय डिटेक्टरचा जन्म अमेरिकेतला. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पोलिस दलातील जॉन लार्सन यांनी तो तयार केला. दोनच वर्षांत, १९२३ च्या फ्राय खटल्यात, रक्तदाबावर आधारलेली अशी चाचणी न्यायालयाने पुरावा म्हणून नाकारली. तरीही खासगी उद्योगांनी ती उचलली आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सुमारे २० लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. दुकानातले विक्रेते, बँकेतले कारकून आणि नोकरीचे उमेदवार त्यांत भरडले गेले. त्यातून १९८८ चा कर्मचारी पॉलिग्राफ संरक्षण कायदा आला.

या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना चाचणी मागण्यास, सुचवण्यास आणि नकाराबद्दल शिक्षा करण्यास बंदी केली. सरकारी नोकऱ्या, सुरक्षा सेवा आणि औषध उद्योगाचा काही भाग यांना सूट आहे. प्रत्यक्ष चोरीचा तपास चालू असेल तर चाचणी घेता येते, पण अटी कडक आहेत. त्या कर्मचाऱ्यावर वाजवी संशय हवा आणि त्या मालापर्यंत त्याची पोच हवी. ४८ तास आधी लेखी नोटीस हवी. चाचणी ९० मिनिटांपेक्षा कमी नको आणि एका परीक्षकाने दिवसात पाचांहून अधिक चाचण्या करू नयेत. धर्म, राजकारण, लैंगिक जीवन आणि कामगार संघटना यांबद्दल प्रश्न विचारता येत नाहीत. कर्मचारी केव्हाही चाचणी थांबवू शकतो, आणि इतर पुरावा नसताना केवळ निकालावरून त्याला काढता येत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने १९८३ मध्येच नोकरीतील वापराला मनाई केली. कॅनडातील ऑन्टॅरियोच्या रोजगार कायद्यातही ती आहे.

मालकाला उरणारे मार्ग

यंत्र बाजूला ठेवल्याने मालक हतबल होत नाही. पतसंस्थेसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ८१ खालील लेखापरीक्षण आणि कलम ८८ खालील नुकसान निश्चिती उपलब्ध आहे. गोदामात साठ्याची प्रत्यक्ष मोजणी, वजनकाट्याच्या पावत्या, किल्ल्यांची नोंदवही, सीसीटीव्ही आणि दोघांच्या सहीने होणारी रोकड मोजणी हा पुरावा कोणत्याही चौकशीत टिकतो. संशय ठोस असेल तर पोलिसांत तक्रार करावी. पुढे कोणाला चाचणी द्यायची असेल तर ती दंडाधिकाऱ्यासमोरच्या संमतीने, तपास यंत्रणेमार्फत होते. खातेअंतर्गत चौकशी मालकाने स्वतंत्रपणे चालवावी.

कर्मचाऱ्याने चाचणीची मागणी लेखी स्वरूपात घ्यावी, उत्तर लेखी द्यावे आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. ‘आरोपपत्र द्या, मी उत्तर देईन’ हे उत्तर कायद्याला धरून आहे.

या विखुरलेल्या मर्यादा एकत्र वाचल्या तर चित्र पुरेसे स्पष्ट आहे. सक्ती बेकायदा, नकार निर्दोष आणि निकाल पुराव्याविना निरुपयोगी. पण हे सर्व समजून घ्यायला वकील लागतो, आणि महिना काही हजारांवर काम करणाऱ्या पहारेकऱ्याला नागपूर खंडपीठापर्यंत जाणे परवडत नाही. म्हणून अमेरिकेसारखा, साध्या शब्दांतला आणि दंडाची तरतूद असलेला स्वतंत्र कायदा भारतात हवा. कामगार हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने महाराष्ट्र विधिमंडळालाही तो करता येईल.